भाठ्यावरची मुस्केनी

रायपूरच्या सदर बाजारातून पहाटे निघालो तेव्हा दुकानांची शटर खाली होती. सोबत सून पूजा होती. तिचा हा पहिलाच कमरछठ, म्हणजे लेकरासाठी आईने धरायचा उपास. यात नांगरलेल्या जमिनीतले काही खायचे नसते. न पेरता उगवलेला पसहर (रानतांदूळ) आणि सहा भाज्या एवढेच. माझ्या आईने हा सण छत्तीसगढी शेजारणींकडून घेतला आणि मग तो आमचाच झाला.

बाजारात सहा भाज्यांची जुडी मिळते. पण पूजाचे बाळ पावसाळाभर आजारी होते. ती म्हणाली, "आई, वो तो खेत की होगी. मुझे असली चाहिए."

म्हणून माझ्या मामाच्या गावची वाट धरली. तेलीबांध्याला बस मिळाली. नव्या रायपुरात उतरलो, तर एवढ्या रुंद रस्त्यावर आम्ही दोघीच. मामेभाऊ रमेश मोटारसायकल घेऊन आला. तिघे बसलो तसा मी पदर डोक्यावर ओढला.

"ताई, अजून लाजून राहिली का तू?" तो हसला.

त्याच्या घरी लताने, त्याच्या बायकोने, गरम अंगाकर (तांदळाच्या पिठाची जाड भाकर) वाढली. मग सगळे भाठ्यावर (गावाच्या चराऊ माळावर) गेलो. पाच भाज्या वाटेतच मिळाल्या. राहिली मुस्केनी, आपली उंदीरकानी.

लहानपणी इथे गवत घोट्याएवढे असायचे. त्यात मुस्केनी जमिनीला चिकटून पसरायची, पिवळी फुले यायची. आई नुसते शेंडे खुडायची. मी तिच्या मागे अनवाणी फिरायची.

आता गवत कमरेपर्यंत आले होते, हिरवेगार.

"दरसाल युरिया टाकून राहिलो," रमेश कौतुकाने म्हणाला. "वरच्या शेतातलंही खत पाण्यासंगं इथंच येते. गाई खुश!"

मी गवत बाजूला केले. खाली ओला अंधार आणि कुजलेल्या काड्यांचा थर. त्यात दोऱ्यासारखी पांढुरकी रोपे आडवी पडलेली. उन्हाचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते.

"काहून बा? खत तर सगळ्यायलेच मिळते," रमेश म्हणाला.

"खाल्लं गवतानं!" लता म्हणाली. "तुम्ही त्या बारक्या भाजीवर रजाईच टाकली. आता म्हणा, काहून उठत नाही?"

बराच वेळ शोधले. शेवटी कडेच्या खडकाजवळ, जिथे खत टिकत नाही, तिथे मुस्केनीचा एक वेल दिसला. एकच. त्यावर फुले होती. पूजाने हात घातला.

"नको गं," माझ्या तोंडून निघाले. "बी पडू दे."

"मेरे बच्चे का उपास है, आई." तिचे डोळे भरून आले.

ती फुलांकडे बघत बसली. मग तिने एक पान खुडले, रुमालात ठेवले आणि वेल सरळ केला.

"औंदा युरिया बंद," रमेश हळूच म्हणाला.

"अन् इथलं गवत मी कापते," लता म्हणाली.

उपासाच्या दिवशी ते पान पाच भाज्यांत शिजून कुठे गेले ते दिसलेही नाही. पूजाने रीतीप्रमाणे ओल्या कापडाने बाळाच्या पाठीवर हलकेच थोपटले. ते खुदकन हसले. मला मात्र तो खडक दिसत होता. आईचा भाठा एका वर्षात काही परत येणार नाही. पण त्या वेलाचे बी आता पडले असेल, आणि लताने गवत कापले असेल तर त्याच्यावर ऊनही पडत असेल.