खुंटीवरची जुडी

आईच्या शेतात तुरीच्या कडेला झाडूच्या ज्वारीची एकच ओळ असे. या ज्वारीचं कणीस भरत नाही, नुसता लांब काड्यांचा मोकळा तुरा येतो. भाकरीच्या दृष्टीने बिनकामाची. आई तुरे झोडपून दाणे काढी, काड्यांचा झाडू बांधी आणि दिवाळीला एक माझ्या अमरावतीच्या राजापेठेतल्या घरी पोचता करी. आमच्या लक्ष्मीपूजनाला तोच.

दाणे कधी पुरते निघत नसत. पहिले काही दिवस झाडूच कचरा करी. मी फोनवर कुरकुरले की आई म्हणे, "पडू दे ना वं. चिमण्या खातीन." चौथ्या मजल्यावर कुठल्या चिमण्या? मी झाडू गॅलरीत आपटून घेई आणि दाणे घंटागाडीत टाकी.

बियाण्यासाठी मात्र ती चांगले तुरे न झोडपता बांधून खुंटीला टांगी. हे बी तिच्या माहेरचं. आता तिथेही कोणी पेरत नाही.

यंदा मार्गशीर्षात आई गेली. तिला नेल्यावर काकूने घर झाडलं. आमच्याकडे मयत निघालं की घर झाडतात आणि तो झाडू गावाबाहेर फेकतात. मी भिंतीला टेकून बसले होते. बायका मी कधी रडते ते बघत होत्या. मला काहीच होत नव्हतं.

दोन दिवसांनी खुंटी रिकामी दिसली.

"काकू, इथली जुडी कुठी हाय?"

"थे त फेकली. मयताच्या घरचा झाडू ठेवत नसतेत, बाई."

"त्यात बी होतं."

"मले झाडूच वाटला."

तिचं काय चुकलं? मी गावाबाहेर जाऊन पाहिलं. बकऱ्यांनी तुरे साफ केले होते.

अमरावतीला आले ती चप्पल न काढता दारामागचा दिवाळीचा झाडू घेऊन बसले. एखादा दाणा अडकला असेल म्हणून सुतळी सोडली, काडी न काडी चाचपली. एकही नव्हता. माझी स्वच्छता मोठी.

मग काड्या गोळा करून बांधायला घेतल्या. आई सुतळी पायाच्या अंगठ्यात धरून ताणायची, एवढं आठवलं. पुढची गाठ मला येत नव्हती. काड्या मांडीवरून घरंगळत राहिल्या. आई गेली, हे मला तिथे कळलं.