पुढे केलेला पाय

गोणी माझ्या गादीवर उपडी झाली. बूट गादीभर पसरले. कॅनव्हासचे, घामाने कुजलेले, तळ सुटलेले. एक उशीवर पडला.

"मॅचच्या आधी शिवून ठेव," कॅप्टन म्हणाली. "आणि मग हात साबणाने धू. तेच हात बॉलला लावतेस."

बाकीच्या मुली आपापल्या खाटांवर बसून केस विंचरत होत्या. कुणी वर पाहिलं नाही.

मुलांनो, तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत, "आजी, तू खरंच पगार घेऊन बास्केटबॉल खेळायचीस?" हो. नंतर तुमच्या बाबांनी मला वेगळा फोन केला. "आई, त्यांना चांगलं तेवढंच सांग." मी नीट, क्रमाने लिहिते आहे. चांगलं तेवढंच लिहीत नाही.

आपण चांभार. आपले पूर्वज सरदारांच्या फौजेबरोबर उज्जैनला आले ते खोगिरं शिवायला. फौज गेली, घोडे गेले. माझे बाबा टावर चौकाजवळ फुटपाथवर पेटी मांडून बसायचे. मी वर्गात सर्वांत उंच होते, म्हणून शाळेच्या बाईंनी मला कोर्टावर उभं केलं. पुढे कॉलेजात इंग्रजी घेतलं आणि खेळतच राहिले. बी.ए. झाल्यावर एका सरकारी खात्याच्या संघात खेळाडू म्हणून लागले. सकाळी ऑफिसात सही करायची, मग दिवसभर सराव. पहिलं वर्ष कच्चं. वर्षअखेर मॅनेजरचा शेरा चांगला आला तर कायम. आमच्या सात पिढ्यांत पक्की नोकरी कुणाला नव्हती. आणि बाबांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता.

कॅप्टनही उज्जैनची, मराठीच. तिच्या घराण्यात दरबारची कारकुनी होती. पहिल्या दिवशी तिने आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते आडनाव आपल्यातही असतं आणि वरच्यांतही. म्हणून आपल्याकडे जो प्रश्न हमखास येतो तो आला.

"म्हणजे कुठले तुम्ही?"

मी सांगितलं.

"अगं बाई. म्हणजे आमच्या पणजोबांचं खोगीर तुमच्याचकडे शिवलेलं असणार."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

पहिल्याच दौऱ्यात तिच्या बुटाचा तळ उसवला. माझ्या पिशवीत आरी आणि मेण लावलेला दोरा असायचा, बाबांनी माझ्या बुटांसाठी दिलेला. मी तिचा बूट शिवून दिला. संघातली मुलगी म्हणून. त्यानंतर गोणी आली. गोणीबरोबर नाव आलं. कोर्टावर लांबलचक हाका मारायला वेळ नसतो. "मोची, इधर! मोची, पीछे!" प्रेक्षकांना वाटलं, हेच माझं नाव. मी बास्केट केली की गॅलरी टाळ्यांच्या तालावर ओरडायची, मो-ची, मो-ची. कौतुकाने ओरडायची. माझ्याकडे बघून लहान मुली हात हलवायच्या. मी परत हात हलवायची.

वर्ष संपता संपता उज्जैनला सामना होता. खात्याचे मोठे साहेब पुढच्या खुर्चीवर. मी पहिल्यांदाच सुरुवातीच्या पाच जणींत. बाबा पेटी बंद करून, धुतलेला सदरा घालून गॅलरीत आले होते. मी पहिली बास्केट केली आणि त्यांच्या चारी बाजूंनी ती आरोळी उठली. मी वर पाहिलं. बाबा टाळ्या वाजवत होते. मग त्यांना शब्द कळला. हात मांडीवर गेले.

उत्तरार्धात कॅप्टनच्या बुटाचा तळ पुढून पार निघाला. मॅनेजरने टाइमआउट घेतला.

"तेरे जूते का नंबर इसके बराबर है ना?" तो मला म्हणाला. "उतार."

मी बाकावर बसले. नाडी सोडली. एक बूट काढला, पुढे धरला. कॅप्टन पाणी पीत होती, दुसऱ्या मुलीला काहीतरी समजावत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नुसता पाय पुढे केला.

"घाल."

गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "देखो, मोची जूता पहना रही है." हशा पिकला.

पाय माझ्या गुडघ्यापाशी होता. अंगठा किंचित हलत होता, घाई असल्यासारखा. माझ्याच शेजारी बदली खेळाडू बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या पायाचं माप कॅप्टनएवढंच. तिचे बूट कोरडे होते, सामनाभर ती उठलीच नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला, हे त्यांना शोधावंच लागलं नव्हतं.

मी बूट माझ्या पायात घातला. नाडी बांधली.

"ताई, पाय मागे घ्या."

"काय म्हणालीस?"

"पाय मागे घ्या. मला खेळायला जायचंय."

मॅनेजरने माझा दंड धरला. "औकात में रह. बाहर बैठ."

"बाहर बैठूँगी, सर. जूते पहनकर बैठूँगी."

बाकावरच्या त्या बदली मुलीने बूट काढून दिले. क्षणभराचं काम होतं. कॅप्टनने ते स्वतः घातले. संघ जिंकला. माझ्यावाचून काही अडलं नाही.

शेरा इंग्रजीत होता. उद्धट, संघभावना नाही. मॅनेजरने तो मला हिंदीत समजावून सांगायला घेतला. मी म्हटलं, मला इंग्रजी येतं. नोकरी गेली.

घरी मला वाटलं होतं, बाबा पाठीवर हात ठेवतील. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"मी दिवसभर लोकांचे पाय समोर घेऊन बसतो," ते म्हणाले. "त्याच्यावर तुझं पोट भरलं, तुझं इंग्रजी झालं. तुला एक पाय जड झाला?"

आई म्हणाली, "जाने दो ना, पोर आहे." बाबा म्हणाले, "पोर नाही. पक्की नोकरी होती."

सगळ्या अपमानांत हा मला सर्वांत खोल लागला, कारण तो खोटा नव्हता. मी रात्रभर नाही, कित्येक महिने त्याचं उत्तर शोधलं. मिळालं ते एवढंच. बाबांसमोर पाय ठेवणारा मजुरी देऊन निघून जातो. कॅप्टन जाणार नव्हती. मी खेळत असते तोवर तो पाय तिथेच राहिला असता, आणि माझ्यानंतर आपल्यातली जी येईल तिच्यासमोर.

बाबा माझ्याशी बोलत नव्हते, तेव्हाच मी दुसऱ्या राज्यातल्या एका संघाच्या चाचणीला गेले. प्रशिक्षकांनी विचारलं, आधीची जागा का सोडली. मी जात सांगितली, गोणी सांगितली, पाय सांगितला, शेराही सांगितला.

"यहाँ भी झगड़ा करोगी?"

"यही हुआ तो करूँगी."

त्यांनी घेतलं नाही. मी उज्जैनला परतले, दुसऱ्या दिवशी शाळेच्या कोर्टावर सराव केला आणि पुढच्या संघाचा पत्ता काढला. तिथेही आधी जात सांगायची, मग उंची, असं ठरवलं. घ्यायचं तर त्यांनी दोन्ही घ्यावं.