बापूंच्या ओट्यावरची पाटी

आई सकाळी गेली आणि दुपारी मी बापूंच्या ओट्यासमोर ढोल बडवत होतो. त्यांच्या थोरल्या पोरीचं लग्न होतं.

बापू म्हणजे आमच्या तापीकाठच्या गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. केळी त्यांची, ऊस त्यांचा, आणि त्यात राबणारी आमची भिल्लांची वस्ती, भिलाटीही त्यांना आपलीच वाटायची. गावची रीत अशी, की बापूंच्या दारात लग्न असलं की भिलाटीचा ढोल आधी तिथे वाजणार. आमची रीत अशी, की माणूस मेलं की त्याच्या दारात ढोल वाजल्याशिवाय त्याला उचलायचं नाही. ढोल एकच होता.

बाबा हात जोडून सांगायला गेले. बापू म्हणाले, "बुढी थांबी. नवरदेव थांबाव नही."

बुढी! आईचे केससुद्धा पिकले नव्हते.

मी एकोणीस वर्षांचा. अंगात रेड्याचं बळ, काळीज सशाचं. गेलो. धाकटा भाऊ थाळी वाजवत मागे. ओट्याच्या खाली उभं राहून वाजवलं, उन्हं कलेपर्यंत. एक पाहुणा वरून ओरडला, "तोंड काय पाडेल शे? हाशीसन वाजाड, लगीन शे!"

आणि मी हसलो. दात दाखवून हसलो. तिकडे आईच्या तोंडावरच्या माशा बहीण पदराने हाकत होती. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

दिवस बुडताना आईच्या दारात वाजवलं. बोटं सुजलेली. ठेका चुकत होता. महिन्याभरात गाव सोडलं आणि धडगावला मामाकडे गेलो. मामाच्या अंगणात, शेकोटीवर कातडं तापवता तापवता खरा ढोल शिकलो. पुढे पुणे, मुंबई, परदेश. टीव्हीवर दिसलो. मग गावाला एकदम माझा पुळका आला.

बापू आता नाहीत. त्यांच्या मुलाने समिती काढली आहे. माझी 'जडणघडण' झाली त्या जागांवर पाट्या लावणार. पाच जागा. शाळा, जी चौथीत सुटली. देऊळ, ज्याची वरची पायरी मी पाहिली नाही. पहिली पाटी बापूंच्या ओट्यावर. काल त्याने कापड उचलून मला दाखवली. सोनेरी अक्षरं. 'थोर कलावंताच्या कलेचा पहिला सन्मान याच ओट्यावर झाला.'

भिलाटी यादीत नाही. मामाचं अंगण तर नाहीच.

तिच्यावरचा पडदा मीच ओढायचा होता. इतकी वर्षं मी मुलाखतींत 'गावाने घडवलं' असं गोड बोलत आलो. ही पाटी माझ्याच गोड बोलण्यातून उगवली होती. मी म्हणालो, "पडदा मी वढाव नही."

माइकवर तो मला आदरणीय म्हणतो. तिथे माइक नव्हता. त्याने कापड सावकाश खाली सोडलं, नीट केलं. हसला. "तुन्हा भाऊ अठेच ऱ्हास ना? घर बी अठेच शे."

भावाचं घर गायरानावर. कागद नाही. भाऊ त्याच्याच उसात कामाला.

आज सकाळपासून त्याची पांढरी गाडी भिलाटीच्या तोंडाशी उभी आहे. कोणी उतरत नाही, काचा वर. बायका हंडे घेऊन लांबून वळसा घालताहेत. पोरांना आज कोणी बाहेर सोडलेलं नाही. दुपारी भावाला निरोप आला, उद्यापासून कामावर येऊ नको.

मी भावाला म्हणालो, तू म्हणत असशील तर मी गप्प बसतो. तुझं एवढंच घर आहे, लेकरं आहेत. तो दाराबाहेर गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या रोज मी बी हाशेल व्हतू. जे करशी ते सांगीसन कर."

म्हणून सांगतो आहे. उद्या अकरा वाजता ओट्यावर कार्यक्रम आहे. मी जाणार. या वेळी खाली उभा राहणार नाही, ओट्यावर चढणार. माइक दिला तर माइकवर, नाही दिला तर नरड्याच्या जोरावर सांगणार, की इथे माझा सन्मान झाला नाही, इथे माझ्या आईचं मढं ताटकळत ठेवलं गेलं. मग पाटी उखडणार. भर उन्हात, सगळ्यांसमोर, माझ्या हाताने. त्यांनी पुन्हा लावली तर पुन्हा उखडणार.