दोन ठोके

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी असे किस्से सुरू केले की मी मोबाइल काढून बसते. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे मराठीत एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय... चुका पोटात घाला.

आम्ही बिरसीला राहतो, विमानतळाच्या जवळ. घर साधं, स्लॅबचं. मागच्या आंगणात हंगामात धानाचे पुंजणे असतात, म्हणजे कापलेल्या भाऱ्यांचे ढीग. मागच्या हंगामात मी दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं ब्रूनो. बाबा त्याला भोंगा म्हणायचे, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. हा प्रत्येक विमानावर भुंकायचा. दूधवाल्यावर, वाळत घातलेल्या टॉवेलवर... आणि रोज दुपारी तीनच्या सुमाराला पुंजण्याकडे तोंड करून, तिथे काहीच नसताना, अर्धा-पाऊण तास.

मी घरून काम करते. ऑनलाइन मीटिंगमध्ये आधीच कमी बोलते. त्यात माझा माइक सुरू झाला की ब्रूनोच बोलायचा. व्हिडिओ बघून त्याला 'क्वाएट' शिकवायला घेतलं. भुंकला की मी बिस्किट घेऊन धावायचे. आठवड्याभरात तो एवढंच शिकला — भुंकलं की बिस्किट मिळतं.

शेवटी बाबांनी सांगितलं, सडक अर्जुनीच्या एका ढाबेवाल्याला राखणीला कुत्रा हवाय, रविवारी सोडून येऊ. मला वाद घालता येत नाही. खोलीत जाऊन रडले, एवढंच.

शनिवारी दुपारी बाबा शेतावर होते, आई शेजारी गेली होती. तीन वाजले आणि ब्रूनो पुंजण्यापाशी सुरू झाला. मी मागच्या दारापर्यंत गेले, आणि... ठक्. ठक्. काठी जमिनीवर दोनदा टेकवावी तसा आवाज, अगदी जवळून. ब्रूनो एकदम गप्प. मग तो खाली बसला आणि मान वर केली, समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला लागेल तेवढीच. शेपटी हलत होती. तिथे कुणीही नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, याचंच जास्त नवल वाटतं.

संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. बाबा हसतील असं वाटलं होतं, पण त्यांचा घास हातातच राहिला.

"कितीदा वाजलं?"

"दोनदा."

आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. त्यांच्याबद्दल बाबा कधी फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. पुंजण्याच्या राखणीला आजोबांजवळ कुत्रा असायचा, आणि त्याच्यावर ते कधी ओरडत नसत. तो भुंकला की उठून त्याच्याजवळ जायचे, तो बघतोय तिकडे स्वतः बघायचे, काठी दोनदा जमिनीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "पाह्यलो. बस."

"कुत्रा आपल्याले सांगून राह्यते, बाई," बाबा म्हणाले. "आपन आयकलं नाही त सांगतच राहीन ना तो. मले ठाऊक होतं हे... मीच इसरलो."

रविवारी सकाळी पहिलं विमान आलं, ब्रूनो सुरू झाला. मी बिस्किटाशिवाय गेले. त्याच्याजवळ उभी राहून विमानाकडे नीट बघितलं, हाताला लागलेली एक काठी दोनदा टेकवली. "पाहिलं. बस." तो माझ्याकडे बघत राहिला. आणखी एकदा भुंकला, जरा शंकेने... मग थांबला.

बाबा ओसरीतून बघत होते. त्यांनी गाडी काढलीच नाही. ढाबेवाल्याला फोनवर म्हणाले, "नाही जी, हा आमच्याच कामाचा आहे."

एका दिवसात सगळं जमलं असं नाही, दोनेक महिने गेले. आता तो दोनदा भुंकतो आणि कुणी येतंय का ते बघतो. कुणीतरी जातंच. बहुतेक वेळा बाबा.

तो आवाज कसला होता? सुतारपक्षी असेल, शेजारी कुणी खुंटी ठोकत असेल... मी स्वतःला सगळं सांगून पाहिलं. पण पुंजणे मळून कधीच संपले, तिथे आता नुसती मोकळी जमीन आहे, आणि ब्रूनो अजूनही दुपारी तीनला तिथे जाऊन बसतो. भुंकत नाही. मान तेवढीच वर करतो, थोडा वेळ शेपटी हलवतो आणि परत येतो. आजोबांची काठी बाबांनी माळ्यावरून काढून मागच्या दाराशी ठेवलीय.