गाडी जरा मागे घ्या: परभणी ते राणीसावरगाव

पोळ्याच्या आधीचा आठवडा. राणीसावरगावच्या शिवारातून फोन आला, आत्याबाई घसरून पडल्या, उठता येत नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. तिथे त्या एकट्या, चार शेळ्यांसोबत राहतात. आखाड्याकडे जाणाऱ्या पांदणीत, म्हणजे शेतवाटेत, इतका चिखल होता की रुग्णवाहिका आत जाणार नव्हती.

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक माझी जुनी जीप. तिची चारही चाकं इंजिनाला जोडायला गिअरशेजारी दुसरा दांडा आहे. दुसरी धाकटे दीर विलास यांची नवी गाडी, तिला दांड्याऐवजी एक गोल बटण. दुखऱ्या माणसाला मऊ सीट बरी, म्हणून मी आणि भाऊजी नवी घेऊन निघालो.

परभणीहून गंगाखेडपर्यंत रस्ता चांगला आहे. तिथे सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, आणि चहा घेतला, दोघांचं शंभरात भागलं. पुढे खायला फारसं काही नाही, तेव्हा इथेच खाऊन घ्यावं. राणीसावरगावनंतर डांबर संपतं आणि काळी माती सुरू होते. ती चाकाला चिकटते आणि चाक आणखी टायरभर जाड होतं.

विलासभाऊजींनी चालत्या गाडीतच बटण फिरवलं. समोर दिवा लुकलुकू लागला.

"लागलं बघा वहिनी!"

"लागलं नाही, लागायलंय. थांबा आधी."

तोवर मागची चाकं जागीच फिरून रुतली होती. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून बटण पुन्हा फिरवायला लावलं. खालून टक् आवाज आला, दिवा स्थिर झाला, आणि गाडी हळूहळू वर आली. जीपच्या दांड्याचं तसं नाही. आतले गिअरचे दात बसले की तळहाताला कळतं, बसले नाहीत तरी कळतं. बटण हाताला काही सांगत नाही. दिव्याकडे बघत थांबावं लागतं. भाऊजींना थांबणं जमत नाही.

आत्याबाई बाजेवर होत्या. चेहरा पांढराफटक, तोंड मात्र चालू. शेजारच्या आखाड्यावरच्या दोघांनी बाज उचलून आणली.

"शेळ्या कोन बघनार?"

"आम्ही बघतो," शेजारी म्हणाला.

"तू सोताला बघ आधी. सदरा उलटा घातलायस."

परतताना मी चालवलं. डांबर लागल्यावर चाकं मोकळी करायला बटण फिरवलं, तर दिवा पुन्हा लुकलुकत राहिला. मागच्या सीटवरून आवाज आला, "डोळा लवायलाय गाडीचा. डावा का उजवा?"

"बिघडली का?" भाऊजी घाबरले.

बिघडली नव्हती. कडक रस्त्यावर वळताना चाकांची ओढाताण होते आणि दात अडकून बसतात. दांडा असला तरी हेच होतं. अशा वेळी दांड्याशी झटायचं नाही, बटण पुन्हा पुन्हा फिरवायचं नाही. गाडी हातभर मागे घ्यायची. हिसका बसणार होता, म्हणून आत्याबाईंना आधीच सांगितलं, "घट्ट धरा. जरा मागे घेते."

"घे. बैल सोडतानी घेतेत तसं. जू ढिलं पडतंय." गाडी मागे सरकली तशा त्या कण्हल्या. टक् झालं, दिवा विझला. मग त्याच म्हणाल्या, "मागंच चाललीस की. चल मंग आखाड्यावर."

भाऊजी हसले. मला हसू आलं नाही. त्या काचेतून मागे बघत होत्या.

परभणीत खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या आता आमच्याकडे असतात, घरातल्या घरात चालतात. एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. शेळ्या शेजाऱ्याकडे आहेत.

दांडा बरा की बटण, असं तुम्ही विचारता. पाणी-चिखलाचा रस्ता नेहमीचा असेल तर मी दांडा घेईन. बटण घेतलंत तर दिवा स्थिर होईपर्यंत थांबायला शिका. आणि अडकलं तर दोन्हींचा इलाज एकच, मागे घेणं.

आमच्या फाटकातून जीप बाहेर काढायची तर मागेच घ्यावी लागते. इंजिनाचा आवाज झाला की ओट्यावरून आत्याबाई विचारतात, "मागं घेतलीस? आखाड्यावर का?"

"नाही. भाजी आणायला."

"बरं," म्हणतात, आणि पायात घातलेल्या चपला काढून ठेवतात.