आयरिश आजोबांची दृष्ट

शिकागोच्या त्या आयरिश बारमध्ये मी सकाळी नुसत्या कॉफीसाठी शिरलो होतो. टीव्हीवर आयर्लंडमधली गेलिक फुटबॉलची मोठी मॅच सुरू होणार होती आणि हिरव्या टोपीतले एक आजोबा आपल्याच जिल्ह्याच्या टीमला नावं ठेवत होते.

"गोलकीपरला बॉल दिसत नाही, बाकीच्यांना पळवत नाही. आज धुलाई होणार आमची!"

सगळे आनंदाने माना डोलवत होते.

"छे हो आजोबा, जिंकणार तुम्ही!" मी म्हणालो.

आजोबांनी "टच वुड" म्हणत घाईघाईने लाकडी टेबलाला हात लावला. "असं बोलतात का? शेवटचे जिंकलो, तेव्हा मी बाबांच्या खांद्यावर बसलो होतो."

मला आई आठवली. माझ्या रिझल्टच्या आदल्या दिवशी तीही शेजारणींना सांगायची, "कसला पास होतोय!"

मग काय, "खरी मोहरी नाही, चालवून घ्या," म्हणत मीठ आणि हॉटडॉगच्या मस्टर्डची पुडी मुठीत घेऊन मी भर बारमध्ये त्यांची दृष्ट काढली. आजोबांनी टोपी काढून डोळे मिटले.

टीम एका पॉइंटने हरली. निघताना आजोबांनी माझा खांदा दाबला. "पुढच्या वर्षी खरी आण."

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली मोहरी अजून माझ्या गाडीत आहे. आजोबा काही परत दिसले नाहीत.