लखनौ : जिथे माझा नवस परत आला

लखनौचं तिकीट त्या काळी स्वस्त होतं. महाग पडलं ते दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर दुकान बंद ठेवणं. नगरमध्ये हातगाडीपासून सुरुवात करून मी रेडीमेडचं दुकान उभं केलं. ऐन हंगामात शटर ओढलं ते तेवढ्या एकदाच, नव्वदच्या दशकात. माझा शाळासोबती शांतवन तिकडे बँकेत होता. त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती आणि छाती उघडण्यावाचून इलाज नव्हता. "त्याला धीर द्यायला माझ्यासारखाच माणूस हवा," असं बायकोला ऐकवून मी मनमाडहून गाडी पकडली.

चारबागला उतरलात तर स्टेशनच्या दारातच रिक्षा ठरवू नका. थोडं पुढे चाला, भाव आपोआप उतरतो. महानगर नावाच्या वस्तीत शांतवनच्या दारात चपलांचा ढीग दिसला आणि वाटलं, आपल्याला उशीर झाला. आत मात्र पेटीवर मराठी गीत चाललेलं, आणि शांतवन उशीला टेकून, धापा टाकत, एकेकाला विचारतोय, "तुमच्यासाठी देवाकडे काय मागू?"

"भैया, बिटिया का रिश्ता," शेजारीण म्हणाली. त्याने डोळे मिटून तेही मागितलं. ऑपरेशन त्याचं, मागणं दुनियेचं!

माझी पाळी आली. मी हात जोडले. "येशूबाबा, ह्याला बरा कर, चर्चला पितळी घंटा वाहीन."

सगळे हसले. त्याची बायको रूथवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आमच्यात नवस नसतो हो."

"अरे, देव दुकानदार नाही," शांतवन म्हणाला. "फुकट देतो."

"फुकटचं टिकत नाही."

"मग मी कशावर टिकलोय?"

मंडळी गेल्यावर विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते की. प्रार्थनेनं ती जात नाही रे. पण तिच्यासोबत मी एकटा नसतो."

दुसऱ्या दिवशी अमीनाबादचा बाजार. चिकनचं भरतकाम घ्याल तर आतल्या गल्लीत शिरा आणि कापड उलटं करून टाके बघा. शांतवनसाठी पुढून पूर्ण उघडणारा कुर्ता शोधला, छातीला टाके असताना डोक्यातून घालावा लागू नये म्हणून.

"नाप ठीक न आया तो?" दुकानदार म्हणाला.

"पहनेगा वो. आप पैक करो."

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान डोलावली, तशा वहिनी तिथेच गुडघ्यांवर बसल्या. मी निघालो तेव्हा तो पठ्ठ्या वॉर्डातल्या खिचडीला नावं ठेवत होता.

हंगाम बुडाला तो बुडाला. पण तेव्हापासून रोज शटर उघडताना मी आधी दुसऱ्या कुणासाठी तरी काही मागतो, मोबदला न कबूल करता.

घरी आल्या आल्या बायकोने विचारलं, "दिलात ना धीर त्यांना?"

खरं तेच सांगितलं. स्ट्रेचर आत नेईपर्यंत आम्ही हात धरून होतो, आणि थरथरत होता तो माझा हात.